शेवटच्या ताटाच्या पुढे

बकुळाबायच्या खाणावळीत नवा माणूस आला की आम्ही त्याला आधी काहीच सांगत नसू. तो बिचारा पाटावर बसायचा, ताट पुढे ओढायचा, आमटीला बोट लावून चव बघायचा, आणि तेवढ्यात चुलीकडून एक भाकरी हवेतून गरगरत यायची आणि त्याच्या ताटात बरोबर वाटीच्या शेजारी पडायची. वाटीतली आमटी हलायचीसुद्धा नाही. माणूस मात्र दचकून भिंतीला टेकायचा. आम्ही सगळे माना खाली घालून जेवत राहायचो. लालबागच्या आमच्या चाळीत करमणुकीची साधनं तशी कमीच होती.

बकुळाबाय देवगडकडची. लहानपणी ताप आला आणि दोन्ही पाय घेऊन गेला. भाऊ राजाराम गिरणीत लागला तेव्हा त्याने तिला पाठुंगळी मारून बोटीत चढवलं, पाठुंगळी मारूनच भाऊच्या धक्क्यावर उतरवलं आणि चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चुलीपाशी आणून बसवलं. तिथे ती जी बसली ती बसलीच. आम्ही गिरणीतली एकटी माणसं, कुणाचं बिऱ्हाड गावी, कुणाचं अजून व्हायचं होतं. आम्हांला दोन वेळा जेवू घालायचं हे तिचं काम. राजारामची बायको, आमची वहिनी, आमटी-भात वाढायची, पण भाकरी तव्यावरची गरम खावी हा बकुळाबायचा हट्ट. उठून वाढता येत नव्हतं, म्हणून ती बसल्या जागेवरून फेकायची.

शामराव आमच्यात वयाने थोरला. गिरणीच्या साच्यांवर, म्हणजे मागांच्या खडखडाटात, आयुष्य गेलेलं, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे मत फार ठाम. त्याने एकदा तोंड उघडलं होतं, "बकुळाबाय, अन्न असं भिरकावतात काय?"

"मगे उठा नि हय येवन घेवा," ती म्हणाली.

गिरणीत दिवसभर उभा राहिलेला माणूस एकदा पाटावर बसला की उठत नाही. विषय तिथेच मिटला.

पंगतीत शेवटचं ताट दौलतचं. हा साताऱ्याकडचा, आमच्या कोकणी खाणावळीतला एकुलता एक घाटावरचा माणूस. गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी हलवायचा. अंगाने एवढा, की मधे बसवला तर दोन्ही बाजूंचे दोघे उपाशी राहिले असते. म्हणून त्याची जागा दाराशी, जवळजवळ उंबऱ्यावर. त्याची भाकरी सगळ्यांत लांब जायची, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठी असायची, आणि तिच्या कडा कधी करपलेल्या नसायच्या. हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. दौलतला दिसत नव्हतं, कारण तो खात असायचा. बकुळाबायला विचारायची आमची छाती नव्हती.

तर अशा या खाणावळीत एक दिवस रामदास सर आले. अपंगांच्या एका इस्पितळात ते व्यायाम शिकवायचे. राजारामने बहिणीला तिथे एकदा नेलं होतं. तिथल्या कुबड्या बघून ती परत गेलीच नाही, म्हणून सर स्वतः चौकशीला आले होते. दादरचे, स्वच्छ धोतर, बोलणं पुस्तकातलं. जेवणाची वेळ होती, वहिनीने आग्रह केला, सर पाटावर बसले. आम्ही सवयीप्रमाणे गप्प.

भाकरी आली. पण सर दचकले नाहीत. दुसरी शामरावकडे गेली, तिसरी माझ्याकडे, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत दौलतकडे. सर जेवेनात. ते बकुळाबायच्या खांद्याकडे टक लावून बघत होते, आणि एखाद्या परक्या बाईकडे इतका वेळ बघणं आमच्याकडे धोक्याचं असतं. दौलतने घास खाली ठेवला. एवढ्यात सर म्हणाले, "बाई, याहून जड काही फेकून बघाल का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. थाळीफेक नावाचा खेळ असतो. लाकडाची जड थाळी, कडेला लोखंडी पट्टी. पाय नसलेल्या, लुळे असलेल्या माणसांना खुर्चीत बसवून विलायतेत आता अशा खेळांचे सामने घेतात. आपल्या राज्याचाही सामना हिवाळ्यात आहे, बायकांचा वेगळा. त्यात जी पहिली येईल तिला दिल्लीला, सगळ्या देशाच्या सामन्याला पाठवणार.

राजाराम हसला. "सर, हिला जिन्यावरून खाली आणायची तरी दोन माणसं लागतात. दिल्लीला कोण नेणार?"

बकुळाबाय तव्यावरची भाकरी उलटत होती. ती उलटून झाल्यावर म्हणाली, "माका हयसर उचलून हाडला. उचलून हडे ठेवला, उचलून थडे ठेवला. आपणहून मी खयव गेलंय नाय. एकदा माका जाऊचा आसा." आणि भाकरी दौलतकडे गेली.

एकदा आपणहून कुठेतरी जायचं, एवढंच तिचं म्हणणं, पण एवढं लांबलचक बोलताना आम्ही तिला कधी ऐकलं नव्हतं. राजारामने पुन्हा हसायचं धाडस केलं नाही.

आता मधे एक अडचण होती, ती आमची. हे दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. खाणावळीतला एकही माणूस असा नव्हता की जो मोर्चात गेला नव्हता, आणि शामराव तर सत्याग्रह करून तुरुंगाची भाकरी खाऊन आला होता. ती फार जाड असते, हे त्याचं चळवळीबद्दलचं मुख्य निरीक्षण. आणि दिल्ली म्हणजे आम्ही रोज संध्याकाळी ज्यांच्या नावाने ओरडायचो त्यांचं गाव. शिवाय तिथे जायचं तर छातीवर बिल्ला लावायचा 'मुंबई राज्य' असा. म्हणजे मराठी-गुजरातीचं जे द्वैभाषिक राज्य मोडायला आम्ही निघालो होतो, त्याच्याच नावाने आमच्या बकुळाबायने थाळी फेकायची. यावर दोन दिवस वाद झाला. शामरावचं म्हणणं, बिल्ला उलटा लावावा. मी म्हटलं, त्यावर काळी फीत लावावी.

शेवटी बकुळाबायच वैतागली. "बिल्ल्यार काय लिवलाहा ता थाळयेक वाचूक येणा नाय," ती म्हणाली. मग आम्ही असं ठरवलं की तिने दिल्लीला जावं आणि येताना मुंबई मागून आणावी.

सराव परळच्या मैदानात, रविवारी सकाळी. रे रोडच्या वखारीतून लाकडाचे तुकडे आणून आमच्यातल्या एका सुताराने खुर्ची केली, ती इतकी भक्कम की बकुळाबायपेक्षा तिलाच उचलायला जास्त माणसं लागायची. हातगाडीवर आधी खुर्ची, खुर्चीत बकुळाबाय, आणि मागे आम्ही घोषणा देत. मैदानात खुर्ची खुंट्यांना बांधायची, बाईला खुर्चीला बांधायचं, आणि सरांनी सांगायचं, "फेका."

तिने फेकली. थाळी अगदी सुरेख गेली, आणि खोलीत चुलीपासून दाराचं अंतर असतं बरोबर तितक्यावर पडली. पुन्हा फेकली. पुन्हा तिथेच. सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ताकद दुप्पट आहे तुमच्या हातात. मग थाळी तिथेच का थांबते?"

सरांना कळत नव्हतं, आम्हांला लगेच कळलं. तिने आजवर कुठे रिकाम्या जागेत काही फेकलं होतं? जिथे शेवटचं ताट होतं, तिथे तिचं फेकणं संपत होतं. पुढे फेकायचं ते कुणासाठी?

उपाय आम्हीच काढला, आणि तो आम्हांलाच सुचू शकतो असा होता. दौलतला मैदानात मांडी घालून बसवला, पुढ्यात ताट ठेवलं, आणि त्याला थोडा मागे सरकवला. बकुळाबायने बघितलं, हात मागे नेला, आणि थाळी दौलतच्या ताटात. ताटाला पोचा आला. दौलत वेळेवर लोळला म्हणून बरं. पुढच्या रविवारी त्याला आणखी मागे सरकवला. थाळी तिथेही गेली. असं करत करत दौलत मैदानाच्या मध्यापर्यंत गेला. इतक्या लांबून तो एखाद्या मैलाच्या दगडासारखा दिसायचा. बकुळाबाय मात्र त्याच्याकडे बघून डोळे बारीक करायची, ओठ आवळायची, आणि थाळी सुटायची ती त्याच्या पुढ्यात. तिला इतकी खूश मी चुलीपाशी कधी पाहिली नव्हती.

सर खूश होते आणि घाबरलेलेही होते. "सामन्यात समोर माणूस बसवता येत नाही हं," ते दर रविवारी सांगायचे.

"मैदानात बसायची सवय आहे आम्हांला," शामराव म्हणायचा. "उठवून दाखवा."

सामना कुलाब्याकडच्या मैदानात होता. वखारीचा ट्रक मागून घेतला होता. पलीकडे कोळ्यांची वस्ती, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर येत होता. बकुळाबायने तो छाती भरून घेतला आणि म्हणाली, "गावाक इल्यासारखा वाटता." वहिनीने तिचा हात हातात धरून ठेवला होता.

इतर बायका होत्याच, पण खरी गाठ एकीशीच पडणार होती. गिरगावची मृणालिनी, चाकाच्या खुर्चीतली, कॉलेजात शिकलेली, चष्म्याला दोरी बांधून आलेली. बोलायला गोड. बकुळाबायच्या खुर्चीचं तिने मनापासून कौतुक केलं आणि मग पहिल्याच फेकीत थाळी अशी लांब टाकली की आमचा ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. आम्ही त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबला.

बकुळाबायची पाळी आली. तिला खुर्चीला बांधलं. आणि दौलत ठरल्याप्रमाणे उठला, ताट काखेत मारलं, मैदानात मधोमध गेला आणि मांडी घालून बसला.

पंच धावले. शिट्ट्या झाल्या. एका पंचाने त्याला इंग्रजीत उठायला सांगितलं, दुसऱ्याने हिंदीत. दौलत शांत. शामराव कडेवरून ओरडला, "अंग सैल सोड, उचलताना त्रास होतो त्यांना." शेवटी एक पोलीस आला. तो आमच्याच बाजूचा निघाला. तो दौलतच्या कानाशी लागला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही बसलात तर बाईला बाद करतील." एवढ्या मोर्चांत पोलिसाने आम्हांला पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं होतं. दौलत उठला आणि डावीकडे, प्रेक्षकांच्या दोरीमागे, आमच्यात येऊन बसला.

समोर मैदान रिकामं. बकुळाबायने त्या मोकळ्या जागेकडे नीट बघितलंच नाही. तिची नजर फिरत फिरत डावीकडे आली आणि दौलतवर थांबली. सरांनी डोळे मिटून घेतले. थाळी सुटली, दोरीवरून आली आणि दौलतच्या पुढ्यात येऊन पडली. अंतर भरपूर होतं. पण रेघांच्या बाहेर, म्हणून बाद.

दुसऱ्या खेपेला सर तिच्या कानात काहीतरी बोलले. तिने मान समोर धरली, अगदी बळजबरीने धरली. डोळे मात्र राहून राहून आमच्याकडे येत होते. पंगत इकडे आणि वाढायचं तिकडे, असं तिला कधी करावं लागलं नव्हतं. थाळी सरळ गेली आणि चुलीपासून दाराच्या अंतरावर धपकन पडली. ती आम्ही पहिल्या दिवशी पाहिली होती तिथेच.

एकच फेक उरली होती. बकुळाबायने पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता तो. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. वाटलं, धावत जावं, तिला उचलावं आणि चुलीपाशी नेऊन ठेवावं. आमच्या प्रेमाची धाव तेवढीच.

दौलत मात्र उठून उभा राहिला. "चला," तो म्हणाला.

"कुठे?" शामराव.

"भायेर. समद्यांनी. आपण हितं हाय तवर बाई आपल्यालाच वाढणार."

"अरे, तिची शेवटची फेक आहे. ती बघायची नाही?"

"न्हाई बघायची," दौलत म्हणाला आणि चालू लागला. त्याचा चेहरा असा झाला होता की शामरावलासुद्धा ऐकू आलं. आम्ही सगळे उठलो, वहिनीला आणि राजारामलाही उठवलं, आणि मैदानाच्या भिंतीमागे जाऊन उभे राहिलो. समोर जाळी टांगलेली, बोंबील वाळत घातलेले. आम्ही बोंबील बघत बसलो. दौलतने भिंतीकडे पाठ केली होती आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम गलका झाला, आणि पाठोपाठ रामदास सर धोतर सावरत पळत आले. दादरचा तो शांत माणूस दौलतला मिठी मारायला गेला, पण त्याचे हात पुरले नाहीत. थाळी मृणालिनीच्या खुणेच्या पुढे पडली होती. खूप पुढे. बकुळाबाय पहिली आली होती.

आम्ही घोषणा देत आत गेलो. ती खुर्चीत बसली होती, मृणालिनी तिचा हात हातात घेऊन काही बोलत होती. आम्हांला बघितल्यावर बकुळाबायने तोंड फिरवलं. ट्रकमध्ये बोलली नाही. जिना चढवताना बोलली नाही. आम्हांला वाटलं, आनंदाने होत असेल.

संध्याकाळी पंगत बसली. भाकऱ्या आल्या, प्रत्येकाच्या ताटात. दौलतची भाकरी त्याच्या डोक्यावरून गेली, दारातून बाहेर गेली आणि गॅलरीच्या कठड्यावरून खाली अंगणात पडली. तिचा नेम चुकला असं आधी वाटलं. मग तिचा चेहरा बघितला आणि कळलं की नेम चुकलेला नाही.

"भरल्या ताटावरसून उठलात," ती म्हणाली. "सगळे. माजी शेवटची फेक नि तुमी पाठ करून चललात. दोन खेपेक नीट पडली नाय म्हणान लाज वाटली माजी?" आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे ऐकवत नव्हता. "इतको राग इलो. काय दिसला नाय माका, मैदान नाय, पंच नाय. रागान फेकली."

खाणावळ चालवणाऱ्या बाईच्या पुढ्यातून जेवता जेवता उठून जाणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या एकालाही भिंतीमागे सुचलं नव्हतं. सगळे दौलतकडे बघायला लागले. त्या माणसाला एरवी जेवताना बोलता येत नसे, पण आज ताटात काहीच नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "लाज न्हाई. तुमची नजर आमच्यावरच येत हुती. आमी दिसलो नस्तो तर तुमी फुडं बघितलं अस्तं, म्हून उठलो. माझ्या जिवावर आलं. मला बघायची हुती. समद्यांपेक्षा मलाच जास्ती बघायची हुती."

वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. शामरावने माझ्याकडे बघितलं, मी आमटीकडे बघितलं. बकुळाबाय बराच वेळ पीठ मळत राहिली. ते केव्हाच मळून झालं होतं.

"मगे दिल्लीक मी कोणावर रागावतलंय?" ती शेवटी म्हणाली. "थय कोण उठान जातलो?"

दौलतने जरा विचार केला. "म्या येतो," तो म्हणाला. "बसतो, आन् उठून जातो."

असं दोघांचं ठरलं. याला दुसरं काय म्हणतात ते चाळीतल्या बायकांना माहीत होतं, पण त्या दोघांना कुणी सांगायला गेलं नाही. बकुळाबाय दिल्लीला गेली ती सरांच्या तुकडीबरोबर, दुसऱ्या एका खेळात निवडलेल्या मृणालिनीच्या शेजारी बसून, बिल्ला सुलटा लावून. दौलत त्याच गाडीच्या मागच्या डब्यात, उभा. आम्ही तेवढे दिवस इराण्याकडे पाव खाल्ले आणि एकमेकांशी भांडलो. तिचा नंबर दुसरा आला. पहिली कुणी पंजाबकडची होती म्हणे. पुढे थोड्याच महिन्यांत महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, आणि शामराव आजही सांगतो की ती बकुळाबायने मागून आणली.

परत आल्यावर आम्ही दौलतला घेरलं. पंगतीत मधोमध बसवलं, दोघांना उपाशी ठेवून. "बरोबर कधी उठलास?" शामरावने विचारलं. "पहिल्या फेकीला की दुसऱ्या?"

"उठलो हुतो की पयल्यालाच," दौलत म्हणाला. "बाईंनी बघितलं. तितनं, खुर्चीतनं, समद्या दिल्लीच्या देखत वरडल्या, 'बस खाली.' म्या बसलो. मग त्यांनी तोंड फुडं केलं आन् फेकली. म्या बाजूलाच दोरीमागं बसलेला, मान वळवली की दिसंल असा. पर माझ्याकडं बघितलं न्हाई. तीन फेकी झाल्या, एकदाबी बघितलं न्हाई."

एवढं सांगताना त्याचा चेहरा नुसता फुलला होता. कुणाच्याच ताटाकडे न निघालेली तिची थाळी हातातून सुटून पार लांब जाऊन पडेपर्यंत डोळे भरून पाहिलेला आमच्यातला तो पहिलाच माणूस.